ॲलिसच्या तीन तोंडी परीक्षा आणि एक खटला

प्रश्न थोडक्यात असा आहे. लुईस कॅरॉल यांचं ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ हे पुस्तक एका आईने नऊ वर्षांच्या मुलीसोबत इंग्रजीतून वाचलं. तिसऱ्या प्रकरणात मुलगी कंटाळली. आईला कथानक सापडलं नाही, कविता डोक्यावरून गेल्या, भेटेल तो प्राणी ॲलिसला तोडून बोलतो याचा राग आला. शेवटी सगळं स्वप्न निघालं तेव्हा मुलीला फसवल्यासारखं वाटलं. आपलं इंग्रजी कमी पडतं, की पुस्तकाचाच उगाच बोलबाला झाला आहे?

तुमचं इंग्रजी कमी पडत नाही. पुस्तकातले शब्द बहुतेक रोजचे आहेत. अडतं ते दुसऱ्याच जागी. ज्या मुलींसाठी ही गोष्ट रचली गेली त्यांना धडे, पाढे आणि उपदेशाच्या कविता तोंडपाठ होत्या, आणि इथला बराचसा विनोद त्या पाठांतरावर उभा आहे. आपल्या कानात ते पाठांतर नाही, म्हणून विनोद निसटतो आणि हाती नुसता विचित्रपणा उरतो. ही उणीव भरून काढता येते. त्यासाठी फार अभ्यास लागत नाही, वाचायला बसण्याआधीची दहा मिनिटं पुरतात.

‘कथानक नाही’ ही तक्रार अर्धी खरी आहे. प्रकरणं एकातून एक निघत नाहीत. डचेसचं स्वयंपाकघर वगळलं तरी पुढच्या चहापानाचं काही अडत नाही. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत होडीतून जाताना चार्ल्स लटविज डॉजसन यांनी लोरिना, ॲलिस आणि ईडिथ या लिडेल बहिणींना ही गोष्ट सांगितली. डॉजसन क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवत. लुईस कॅरॉल हे त्यांचं टोपणनाव. मुली १३, १० आणि ८ वर्षांच्या होत्या, आणि सोबत रॉबिन्सन डकवर्थ हे स्नेही होते. दहा वर्षांच्या ॲलिसने हट्ट धरला म्हणून डॉजसन यांनी गोष्ट हाताने लिहून, स्वतः ३७ चित्रं काढून नोव्हेंबर १८६४मध्ये तिला भेट दिली. त्या हस्तलिखितात चेशायर कॅट हे विरून जाणारं मांजर नाही, मिरपुडीने भरलेलं स्वयंपाकघर नाही, वेड्यांचं चहापानही नाही. १८६५च्या छापील पुस्तकासाठी मजकूर जवळजवळ दुप्पट झाला तेव्हा हे प्रसंग आले. आज सगळ्यांना जे आठवतं त्यातलं बरंचसं असं मागाहून बसवलेलं आहे, आणि सांधे दिसतात.

तरीही आत एक सरळ धागा आहे. तो हाती आला की पुस्तक वाचणं बदलतं.

पहिल्या प्रकरणात ॲलिसला १५ इंच उंचीचं एक दार दिसतं आणि त्यापलीकडे सुंदर बाग दिसते. तिला तिथे जायचं आहे. दार उघडणारी सोन्याची किल्ली काचेच्या टेबलावर आहे. बाटलीतलं पिऊन ती १० इंचांची होते, दारातून जाण्याजोगी होते, आणि मग कळतं की किल्ली टेबलावरच राहिली. ही चूक लक्षात ठेवा. सातव्या प्रकरणाच्या शेवटी ती पुन्हा त्याच दालनात येते आणि म्हणते, या वेळी नीट जमवेन. आधी किल्ली उचलते, मग दार उघडते, आणि त्यानंतरच खिशातल्या अळंब्याचा तुकडा कुरतडून फूटभर उंचीची होते. कामं तीच, फक्त क्रम बरोबर. सात प्रकरणं लागली, पण मुलगी शिकली. बागेत पोचल्यावर पाहते तर तिथे पत्त्यांतले माळी पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासत असतात आणि राणी मिनिटामिनिटाला कुणाचं तरी डोकं उडवायला सांगत असते. इथून पुढची पाच प्रकरणं इच्छित जागी पोचल्यानंतरची आहेत. म्हणून मधेच उद्देश संपल्यासारखा वाटतो. तुम्हाला जाणवलेला ढिलेपणा बहुधा याच वळणावरचा आहे.

त्या दाराहून मोठा धागा परीक्षांचा आहे. ॲलिसला या पुस्तकात तीनदा पाठ म्हणून दाखवायची वेळ येते आणि तिन्ही वेळा तोंडून भलतंच निघतं.

पहिली वेळ दुसऱ्या प्रकरणात येते. नऊ फूट उंच झालेली, रडून रडून चार इंच खोल तळं केलेली ॲलिस विचार करते की आज सगळंच विचित्र घडतंय, मी रात्रीत बदलले तर नाही ना? मी म्हणजे नक्की कोण? हे ठरवायला ती स्वतःचीच परीक्षा घेते. पाढे म्हणते ते चुकतात. भूगोल म्हणते तर लंडन ही पॅरिसची राजधानी होते. कविता म्हणते तर उद्योगी मधमाशीच्या जागी शेपटी चमकवणारी मगर येते. मग ती रडवेली होऊन ठरवते की मी ॲलिस नाहीच, मी मेबल झाले असणार, जिला काही म्हणजे काही येत नाही. या मुलीच्या लेखी आपण कोण हे आपल्याला काय पाठ आहे यावर ठरतं. हे वाक्य वाचताना थांबा आणि मुलीला विचारा, पाढे विसरले तर तू तू राहशील का? नऊ वर्षांच्या मुलांकडे याची उत्तरं असतात.

पाढ्याची गंमतही इथेच उलगडून दाखवा. ॲलिस म्हणते, चार पंचे बारा, चार सख तेरा, चार साते... आणि हताश होते, की अशाने मी वीसपर्यंत कधीच पोचणार नाही. आपला पाढा दहावर थांबतो. इंग्लंडमध्ये तो बारापर्यंत म्हणत. उत्तर दर वेळी एकानेच वाढत गेलं तर चार बारे एकोणीस होतात आणि पाढा संपतो. वीस येतच नाही! दुसरं स्पष्टीकरण पायाबदलाचं आहे, म्हणजे दहा-दहाऐवजी दुसऱ्या आकड्याच्या गटांत मोजण्याचं. वीस ही संख्या अठराच्या पायात लिहिली तर १२ अशी लिहिली जाते, चोवीस ही एकवीसच्या पायात १३ अशी. पाया दर वेळी तीनाने वाढवत नेला तर चार बारे १९ येतात, आणि पुढच्या पायरीवर, चार तेरांना, बेचाळिसाच्या पायात २० यायला हवे तिथे ते येत नाहीत. लेखक गणिती होता म्हणून हे सुचतं आणि हिशेब बरोबर जुळतो, पण मुलीला पहिलंच सांगा. ते कागदावर मांडायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी परीक्षा पाचव्या प्रकरणात सुरवंट घेतो. हुक्का ओढत तो विचारतो, “तू कोण?” आणि ॲलिस सांगते की सकाळी उठले तेव्हा माहीत होतं, पण तेव्हापासून मी बऱ्याच वेळा बदलले. तो तिला म्हाताऱ्या विल्यमची कविता म्हणायला लावतो आणि शेवटी शिक्षकासारखा निकाल देतो, की हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चुकलं आहे. तिसरी परीक्षा दहाव्या प्रकरणात, ग्रिफन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) आणि मॉक टर्टल (नकली कासव) यांच्यासमोर. आळशी माणसाची कविता म्हणायला ती उभी राहते आणि तोंडून झिंगा बाहेर पडतो. इथे ती मनात म्हणते, हे प्राणी किती हुकूम सोडतात, धडे म्हणायला लावतात. याहून शाळेत गेलेलं बरं.

आणि चौथ्यांदा, बाराव्या प्रकरणात, न्यायालयात, कविता वाचली जाते पण ॲलिसकडून नाही. पांढरा ससा पुरावा म्हणून कविता वाचतो, आणि राजा त्यातल्या ओळींना गुन्ह्याचा अर्थ चिकटवायला बसतो. त्याआधी ॲलिस सरळ सांगते की ज्याला हिचा अर्थ सांगता येईल त्याला मी सहा पेन्स देईन, यात अर्थाचा कणही नाही. जी मुलगी दुसऱ्या प्रकरणात कविता चुकली म्हणून ‘मी मीच नाही’ असं मानत होती, ती आता भर सभेत कवितेचं मूल्यमापन करते. पाठ म्हणणारी मुलगी मत देणारी झाली. माझ्या मते या पुस्तकाचं कथानक हेच आहे, आणि दुसरं, पाचवं, दहावं आणि बारावं प्रकरण एकाखाली एक ठेवून पाहिलं की ते लख्ख दिसतं.

आता कवितांची तयारी. ही बहुतेक विडंबनं आहेत, आणि मूळ कविता कानात नसेल तर विडंबन लागू पडत नाही. ‘झेंडूची फुले’ १९२५मध्ये आलं तेव्हा वाचकांना ज्या कवींची थट्टा होती त्यांच्या कविता ठाऊक होत्या. आज रविकिरण मंडळाची एकही कविता न वाचलेल्या मुलाच्या हाती ते दिलं तर त्याची जी अडचण होईल, तीच तुमच्या मुलीची झाली. सगळ्या मूळ कविता शिकवत बसू नका. तीन पुरतात.

पहिली आयझॅक वॉट्स यांची मधमाशी, १७१५ सालची. तिचा आशय दोन वाक्यांत सांगा: मधमाशी दिवसभर फुलाफुलातून मध गोळा करते, मीही तसाच उद्योग करीन, कारण रिकाम्या हातांना सैतान काम देतो. मग मगर वाचा. तीही उद्योगी आहे. शेपूट चमकवते, नाईलचं पाणी खवल्यांवर ओतते, आणि मंद हसऱ्या जबड्याने छोट्या माशांचं स्वागत करते. मूळ माहीत असलेल्या मुलीला हसू फुटायला एवढं पुरतं. दुसरी जेन टेलर यांची लुकलुकणाऱ्या ताऱ्याची १८०६ सालची कविता, जी तुमच्या मुलीला बालवाडीपासून येते. चहापानातला हॅटर, म्हणजे टोपीवाला, ताऱ्याच्या जागी वटवाघूळ घालतो आणि त्याला आकाशात उडणाऱ्या चहाच्या ट्रेची उपमा देतो. हे एक विडंबन तिला कुणी न सांगता कळलेलं असणार. तिसरी रॉबर्ट साउदी यांची, १७९९ची. तरुण विचारतो, विल्यमबाबा, तुम्ही म्हातारपणी इतके ठणठणीत कसे? म्हातारा सांगतो, तारुण्यात मी शक्ती उधळली नाही, देवाला विसरलो नाही. कॅरॉलचा म्हातारा डोक्यावर उभा राहतो, दारातून कोलांटी मारत आत येतो, हाडांसकट चोचीसकट अख्खा हंस खातो, नाकावर ईल तोलतो, आणि चौथ्या प्रश्नाला सांगतो की आता चालता हो नाहीतर जिन्यावरून लाथ मारीन. आठ कडवी आहेत, चार प्रश्नांची आणि चार उत्तरांची. दोघींनी एकेक भूमिका घ्या.

बाकीच्यांची मुळं शोधत बसलात तर वाचन थांबेल. फक्त डचेसचं अंगाईगीत वाचण्याआधी एवढं सांगा की त्या काळी ‘मुलांशी मायेने बोला’ असं सांगणारी एक कविता घरोघरी ठाऊक होती. नाहीतर शिंकणाऱ्या बाळाला मारा, हे गाणं नुसतं क्रूर वाटतं. नवव्या प्रकरणात हीच डचेस प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढत ॲलिसच्या खांद्यावर हनुवटी टोचत चालते. मुलांच्या पुस्तकात बोधवचनांचा भरणा असण्याच्या काळात हे छापलं गेलं, आणि ॲलिसला त्या टोकदार हनुवटीचाच त्रास होतो. मुलीने ‘याचं तात्पर्य काय’ असं शाळेच्या सवयीने विचारलं तर उत्तर या पानावर आहे.

तुम्ही कोणती प्रत वाचलीत हे लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे. बाजारातल्या स्वस्त मुलांच्या प्रती बहुतेक संक्षिप्त असतात, आणि संक्षेप करणारा सर्वांत आधी कविता आणि शाब्दिक वाद काढतो, कारण त्यांनी गोष्ट पुढे सरकत नाही. जे काढतो तेच पुस्तक असतं. प्रत पारखायची तर बारा प्रकरणं आहेत का बघा, विल्यमची आठ कडवी मोजा, सातव्या प्रकरणात गुळाच्या पाकासारख्या ट्रीकलच्या विहिरीत राहणाऱ्या एल्सी, लेसी आणि टिली या तीन बहिणी आहेत का पाहा. (त्या म्हणजे तिघी लिडेल बहिणीच: एल्सी हे लोरिनाच्या आद्याक्षरांचं उच्चारण, लेसीत ॲलिसची अक्षरं उलटसुलट, आणि टिली हे ईडिथचं घरातलं नाव.) तिसऱ्या प्रकरणात उंदराची कहाणी शेपटीच्या आकारात, वळत वळत बारीक होत छापलेली असायला हवी. फुकट मिळणाऱ्या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये ही शेपटी अनेकदा सरळ होते आणि तिरपा ठसाही जातो. तिरप्या ठशाचं नुकसान मोठं आहे. कॅरॉल बोलताना ज्या शब्दावर जोर द्यायचा तो शब्द तिरपा करतात, आणि मोठ्याने वाचणाऱ्याला ती तयार सूचना असते.

चित्रं जॉन टेनिएल यांचीच हवीत, सगळी ४२. १८६५मध्ये छापलेल्या पहिल्या २००० प्रती टेनिएलना छपाई पसंत पडली नाही म्हणून मागे घेतल्या गेल्या आणि पुस्तक पुन्हा छापलं. इतकं त्यांना चित्रांचं मोल होतं. चित्रं मजकुराचं कामही करतात: ग्रिफन ओळखता येत नसेल तर चित्र पाहा, असं लेखक मजकुरातच सांगतो. चेशायर कॅटच्या झाडावरच्या दोन चित्रांत झाड तेच आहे. एक पाहून लगेच दुसऱ्याकडे वळलं की मांजर विरताना दिसतं. मॉक टर्टलला वासराचं डोकं, खूर आणि शेपूट का, हे चित्रच सांगतं. कासवाचं सूप महाग, म्हणून वासराच्या डोक्याचं नकली सूप करत. टेनिएलनी त्या सूपचा प्राणी काढला. टीपांची प्रत हवी असेल तर मार्टिन गार्डनर यांची १९६०पासूनची सटीप आवृत्ती घ्या, पण ती तुमच्यासाठी, उशाशी ठेवायला. मुलीसोबत वाचताना टीपा बंद.

मोठ्याने वाचा. पुस्तक सुमारे २७,००० शब्दांचं आहे. सावकाश वाचलं तर प्रकरणाला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. एका बैठकीत एकच प्रकरण घ्या. दोन घेतली की मुलं थकतात, कारण इथे प्रत्येक संवाद नीट ऐकावा लागतो, गोष्टीच्या ओघावर तरंगत जाता येत नाही.

तिसऱ्या प्रकरणात तुमची मुलगी कंटाळली ती बहुधा उंदराच्या भाषणाशी. भिजलेल्या प्राण्यांना सुकवायला उंदीर आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत कोरडी गोष्ट सांगतो: विल्यम द काँकररच्या इतिहासाचा एक उतारा. तो कंटाळवाणा आहे कारण तो खरोखरच शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून उचलला आहे. नाट्यपूर्ण वाचायला गेलात तर फसेल. सपाट आवाजात, श्वास न घेता, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकल्यासारखा वाचा, आणि लॉरी हा पोपट, डक हे बदक यांचे व्यत्यय एकदम जिवंत आवाजात. डक म्हणजे डकवर्थ, डोडो म्हणजे डॉजसन, लॉरी म्हणजे लोरिना, ईगलेट म्हणजे ईडिथ. होडीतली मंडळी स्वतःलाच ऐकत आहेत.

उंचीचे बदल डोक्यात ठेवणं लहान मुलांना जड जातं. भिंतीला कागदाची पट्टी लावून खुणा करा. पहिल्या घोटानंतर १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर. केकनंतर नऊ फुटांहून अधिक, ती खूण बऱ्याच घरांत छताजवळ जाईल. पंखा हातात धरल्यावर दोन फूट आणि अजून घटती. सुरवंटासमोर बरोबर तीन इंच, आणि ‘एवढी उंची म्हणजे दयनीय’ असं ती म्हणते तेव्हा सुरवंट चिडून ताठ उभा राहतो, कारण त्याचीही उंची तीन इंचच असते. डचेसच्या घरी जाताना नऊ इंच, मार्च हेअर या सशाच्या घरी दोन फूट, बागेत शिरताना एक फूट. अळंब्याच्या दोन बाजू हातात आल्यापासून हे बदल तिच्या ताब्यात येतात. आधी ती गिळते आणि मग घाबरते. नंतर समोरचं घर पाहून किती खायचं ते ठरवते. पट्टीवर हा फरक मुलीला स्वतः दिसेल.

उद्धटपणाविषयी. होय, सगळे उद्धट आहेत, आणि त्यांचा उद्धटपणा एका विशिष्ट जातीचा आहे: ते शब्दाला शब्द धरतात. चहापानाचं प्रकरण याचं शिखर आहे, ते घाईने वाचू नका. टेबल मोठं असून जागा नाही म्हणतात. नसलेली वाइन देऊ करतात. ॲलिस म्हणते, नसलेली वस्तू देऊ करणं सभ्यपणाचं नव्हतं. मार्च हेअर म्हणतो, न बोलावता बसणंही नव्हतं. मग ती म्हणते की मला जे म्हणायचं असतं ते मी बोलते, निदान जे बोलते तेच मला म्हणायचं असतं, एकच आहे. हॅटर तिथेच पकडतो: मग ‘जे खाते ते मला दिसतं’ आणि ‘जे दिसतं ते मी खाते’ हेही एकच का? विधान आणि त्याचा व्यत्यास एक नसतात हा तर्कशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि डॉजसन यांनी पुढे १८८६मध्ये मुलांसाठी तर्कशास्त्राचा खेळच प्रसिद्ध केला. थोडं मागे, पाचव्या प्रकरणात, लांब मानेच्या ॲलिसला कबूतर साप ठरवतं: साप अंडी खातात, मुली अंडी खातात, म्हणून मुली एक प्रकारचे सापच. मुलीला विचारा, चूक कुठे आहे ते दाखव. घरातल्याच वस्तू घेऊन असले पाच-सहा चुकीचे निष्कर्ष तिला बनवू द्या. त्यानंतर ती या प्राण्यांवर चिडणार नाही, त्यांना पकडायला टपून बसेल.

ॲलिसचं वागणं याच्या उलट आहे. ती विहिरीत पडता पडता गुडघा वाकवून नमस्काराचा सराव करते. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे तिच्या हाडात आहे. म्हणून तिने उलट बोलण्याची प्रत्येक जागा घटना आहे. आठव्या प्रकरणात राणीला ती मोठ्याने “नॉन्सेन्स” म्हणते आणि राणी गप्प होते. ही जागा लक्षात आणून द्या, कारण शेवटचा खटला इथून सुरू होतो. राणीच्या शिक्षांनी मुलगी घाबरली असेल तर ग्रिफन नवव्या प्रकरणात सांगतो की इथे कुणाचंच डोकं उडत नाही, आणि राजा मागून हळूच सगळ्यांना माफी देतो.

कावळा आणि लिहिण्याचं मेज यांच्यात साम्य काय, या हॅटरच्या कोड्याचं उत्तर शोधत वेळ घालवू नका. पुस्तकात ते नाही. वाचकांनी फार विचारल्यावर कॅरॉल यांनी १८९६च्या प्रस्तावनेत एक उत्तर दिलं, पण मूळ कोड्याला उत्तर मुळीच नव्हतं, हेही तिथेच लिहिलं.

पुस्तकाचा कमजोर भाग कुठला विचाराल तर नववं प्रकरण उत्तरार्धात आणि दहावं पूर्वार्धात. मॉक टर्टलच्या शाळेतले विषय म्हणजे इंग्रजी शब्दांची मोडतोड आहे, ती नऊ वर्षांच्या मराठी मुलीला दहापैकी दोन ठिकाणी कळेल. झिंग्यांच्या नाचाचं वर्णन लांबतं. दोन-तीन परिच्छेद पुढे ढकलले तर हरकत नाही. पण रोज एक तास कमी होणारं वेळापत्रक (पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ) आणि मग ॲलिसचा ‘बाराव्या दिवशी काय करायचात?’ हा प्रश्न सोडू नका, आणि तिसरी परीक्षा तर नाहीच नाही.

अंमली पदार्थ, राजकीय रूपकं, हॅटरच्या टोपीतला पारा, असे सिद्धांत तुम्हाला शोधल्यावर ढिगाने मिळतील. फेल्टच्या टोप्या करताना पारा वापरत आणि त्याने कारागिरांना कंप सुटे हे खरं आहे, पण हा हॅटर न्यायालयात थरथरतो तो राणी रोखून पाहते म्हणून. पहिल्या दोन वाचनांत हे सगळं बाजूला ठेवा. लेखकाचं मुलींशी असलेलं सख्य आणि त्यांनी काढलेली मुलांची छायाचित्रं यांवर अभ्यासकांत गंभीर वाद आहेत. त्यांच्या १३ रोजनिश्यांपैकी चार सापडत नाहीत आणि जून १८६३चं एक पान कापलेलं आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिने हे वाचावं. नवव्या वर्षी सांगायची गरज नाही.

राहिला स्वप्नाचा प्रश्न. मुलीचा राग रास्त आहे, कारण ‘आणि मग ती जागी झाली’ ही पळवाट असू शकते. इथे ती आहे का ते तिला स्वतः तपासू द्या. अकराव्या प्रकरणात ॲलिस काहीही न खाता-पिता वाढू लागते. शेजारी बसलेला डॉर्माउस तक्रार करतो की तुला इथे वाढायचा हक्क नाही. ती म्हणते, तूही वाढतोसच की. तो म्हणतो, पण मी बेताने वाढतो. म्हणजे पत्त्यांचा डाव उधळण्याआधीच ती त्या जागेत मावेनाशी झाली आहे. पत्ते अंगावर येतात आणि ती जागी होते तेव्हा बहीण तिच्या चेहऱ्यावर पडलेली पानं झटकत असते. त्यापुढच्या शेवटच्या परिच्छेदांत बहीण डोळे मिटून सगळं पुन्हा ऐकते, आणि कशाचं काय झालं होतं ते एकेक करून सांगितलेलं आहे: कपबशांचा आवाज मेंढ्यांच्या घंटांचा, राणीचं किंचाळणं मेंढपाळ पोराच्या हाकेचं, मॉक टर्टलचे हुंदके दूरच्या गुरांच्या हंबरण्याचे. हा परिच्छेद मुलांच्या प्रतींतून बहुधा गाळतात. पूर्ण प्रत मिळाली की तो वाचण्याआधी थांबून मुलीला विचारा, ॲलिस नदीकाठी झोपली होती, तर बाहेर कोणकोणते आवाज असतील? तिची यादी कागदावर घ्या आणि मग पुस्तकाची यादी वाचा.

दुसरा भाग, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’, डिसेंबर १८७१मध्ये आला आणि त्याची बांधणी पहिल्यापेक्षा घट्ट आहे. ट्वीडलडम आणि हम्टी डम्टी त्या भागातले आहेत; १९५१च्या चित्रपटाने दोन्ही भाग मिसळल्यामुळे तुमची मुलगी ट्वीडलडमला पहिल्या पुस्तकात शोधत असेल. तो भाग लगेच घेऊ नका, मधे महिना-दीड महिना जाऊ द्या. तेवढ्यात तिला बुद्धिबळ शिकवा, निदान प्याद्याची चाल आणि आठव्या घरात पोचल्यावर त्याचा वजीर होतो एवढं तरी. त्या पुस्तकात ॲलिस पांढरं प्यादं आहे आणि अकरा चालींत जिंकते. पट समोर मांडून ती पुढच्या घरात गेली की तिची सोंगटी सरकवत वाचायचं.